जर्मन वाइन गोडच असते का?

1. प्रश्न आला कुठून

जर्मन वाइनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ती गोड असते ना? विचारणाऱ्याच्या सुरात बहुतेक वेळा थोडी नापसंतीही असते, कारण ‘जाणकार’ माणसाने ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली वाइन प्यावी, असा एक समज सगळीकडे रुजलेला आहे. हा प्रश्न अगदीच निराधार नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी बाजारात जी जर्मन वाइन सर्वाधिक दिसली ती ‘लीबफ्राउमिल्श’ या नावाची, स्वस्त, सौम्य आणि गोडसर होती. हे नाव मुळात व्होर्म्स शहरातल्या एका चर्चभोवतीच्या छोट्या द्राक्षमळ्याचं. पुढे ते इतकं सैल झालं की ऱ्हाइनकाठच्या कुठल्याही भागातली मिसळ त्या नावाने विकली जाऊ लागली. ‘ब्लू नन’सारख्या ब्रँडनी ती घरोघरी पोचवली आणि जगाने जर्मनीची परीक्षा त्या एका बाटलीवरून केली.

प्रत्यक्षात आज जर्मनीत सरकारी तपासणीतून पार पडणाऱ्या दर्जेदार वाइनपैकी जवळपास निम्मी ड्राय असते, आणि उरलेल्यातलीही बरीच अर्धवट ड्राय. तरीही समज पुसला जात नाही. याचं एक कारण जुनी बदनामी हे आहे. पण मोठं कारण माझ्या मते बाटलीवरच चिकटवलेलं असतं. जर्मन लेबल अतिशय प्रामाणिक आहे, अतिशय तपशीलवार आहे, मात्र ते आपल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. गिऱ्हाइकाला हवं असतं, बाटलीत काय आहे ते. लेबल सांगतं, मळ्यातून तोडताना द्राक्षांत काय होतं ते. या दोहोंमधलं अंतर एकदा कळलं की जर्मन वाइन निवडणं फ्रेंच वाइन निवडण्यापेक्षा सोपं होतं, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे.

2. थंडी पाचवीला पुजलेली

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला साखरेची चिंता फारशी नसते. 20 अक्षांशावर ऊन मुबलक. घडात गोडी भरते, उलट वाइनसाठी लागणारा आंबटपणा टिकवणं हीच कसरत असते. जर्मनीतली गोष्ट बरोबर उलटी. तिथले बरेचसे प्रसिद्ध मळे 50 अक्षांशाच्या आसपास आहेत. ऱ्हाइनगाउ भागातल्या योहानिसबेर्ग या मळ्याजवळून तर ही रेषाच जाते. वेलीला फुलोरा जूनमध्ये येतो आणि काढणी सप्टेंबर अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत चालते. तोपर्यंत दिवस आखूड होतात, पाऊस येतो, दव पडतं. शतकानुशतकं तिथल्या शेतकऱ्याची खरी भीती एकच होती, की या वर्षी द्राक्षं पिकणारच नाहीत.

म्हणून त्याने मळे लावले ते जिथे उन्हाचा कणन् कण वेचता येईल अशा जागी. मोझेल नदीचं खोरं पाहिलं की हे लक्षात येतं. नदी नागमोडी वळणं घेत जाते आणि प्रत्येक वळणावर एक उतार दक्षिणेकडे तोंड करतो. उत्तरेकडच्या देशात सूर्य तिरपा असतो. सपाट जमिनीवर त्याचे किरण पसरून क्षीण होतात, पण उभ्या उतारावर ते जवळजवळ काटकोनात आदळतात. त्यातून या उतारांवर माती अशी जवळपास नसतेच, निळसर-करड्या पाटीच्या दगडाच्या कपच्या असतात. दिवसभर तापलेला हा दगड रात्री ऊब परत देतो. ब्रेम गावाजवळचा कालमोंट हा उतार काही ठिकाणी 65 अंशांच्या आसपास आहे आणि युरोपातल्या सर्वात उभ्या द्राक्षमळ्यांत गणला जातो. तिथे ट्रॅक्टर चढत नाही. वेल मांडवावर किंवा तारेवर न नेता अनेक ठिकाणी एकेका खुंटाला बांधलेली असते, म्हणजे मजुराला उतारावर आडवं फिरता येतं. पावसाने खाली घसरलेल्या कपच्या पुन्हा वर न्याव्या लागतात. सपाटीवरच्या मळ्याच्या कितीतरी पट मनुष्यबळ इथे लागतं. चांगली मोझेल स्वस्त का नसते, याचं उत्तर त्या उतारावरच मिळतं.

थंडीने त्रास दिला तसं एक दानही दिलं. द्राक्ष सावकाश पिकतं तेव्हा त्यातलं आम्ल लवकर उडून जात नाही आणि सुगंधाला वेळ मिळतो. रीसलिंग ही उशिरा पिकणारी जात म्हणूनच इथे रुजली. 1435 सालच्या रुसेल्सहाइमच्या एका हिशेबात तिच्या वेलींच्या खरेदीची नोंद सापडते. आजही जर्मनीतल्या एकूण द्राक्षक्षेत्रापैकी पाव भागाच्या जवळ जाणारं क्षेत्र एकट्या रीसलिंगचं आहे.

3. रसाचं वजन

साखर दुर्मीळ असेल तिथे साखर मोजायचं साधन सापडणं आणि त्यावर दर्जा ठरणं ओघाने आलं. एकोणिसाव्या शतकात फोर्झहाइमच्या फेर्डिनांड एक्सले या कारागिराने द्राक्षरसाची घनता मोजणारा काटा प्रचारात आणला. तत्त्व सरळ आहे. एक लिटर पाण्याचं वजन 1000 ग्रॅम. द्राक्षरसात साखर विरघळलेली असल्याने तो जड असतो. एक लिटर रस 1085 ग्रॅम भरला, तर तो रस 85 एक्सले. आपल्याकडचे बागायतदार ज्या ब्रिक्समध्ये गोडी मोजतात, त्या हिशेबात हा आकडा साडेवीस ब्रिक्सच्या आसपास येतो.

1971 च्या वाइन कायद्याने या आकड्यावर एक पायऱ्यांची रचना उभी केली, तिला ‘प्रेडिकाट’ म्हणतात. सर्वात खाली ‘काबिनेट’, भाग आणि द्राक्षाची जात पाहून साधारण 67 ते 82 एक्सलेची किमान अट. वर ‘श्पेटलेजे’, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, 76 ते 90. त्यावर ‘आउस्लेजे’, निवडक घडांची, 83 ते 100. मग ‘बेरेनआउस्लेजे’, ज्यात एकेक मणी वेचतात, 110 ते 128. आणि शेंड्यावर ‘ट्रोकेनबेरेनआउस्लेजे’, मनुक्यासारख्या सुरकुतलेल्या मण्यांची, 150 च्या वर. ‘आइसवाइन’ बेरेनआउस्लेजेच्याच पातळीची. फक्त तिची द्राक्षं वेलीवरच गोठलेली असताना, उणे 7 अंश किंवा त्याहून कमी तापमानात तोडून लगेच पिळतात. पाण्याचा बर्फ चरकातच राहतो आणि दाट रस तेवढा खाली येतो. या सगळ्या पायऱ्यांना एक अट समान आहे: रसात बाहेरून साखर घालायची नाही. खालच्या दर्जाच्या ‘क्वालिटेट्सवाइन’मध्ये आंबवण्याआधी साखर घालून अल्कोहोल वाढवायला परवानगी आहे.

उशिरा तोडण्याच्या प्रथेचा उगम सांगताना 1775 सालची योहानिसबेर्गची हकीकत नेहमी सांगितली जाते. मळा फुल्डाच्या धर्माधिकाऱ्याच्या मालकीचा. काढणीची परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार त्या वर्षी उशिरा पोचला, तोवर द्राक्षांवर बुरशी चढली होती, आणि तरीही वाइन अप्रतिम झाली. हकीकतीवर थोडं मीठ-मसाला चढला असेल, पण त्यातलं शास्त्र खरं आहे. ‘बोट्रायटिस’ नावाची ती बुरशी योग्य हवेत द्राक्षाच्या सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते, आतलं पाणी उडून जातं आणि साखर, आम्ल, सुगंध सारंच दाट होतं.

4. गोडी उरते किती

इथे खरी मेख आहे. वरची सारी मोजणी रसाची झाली. पण रस आंबताना यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. ढोबळ हिशेब असा की लिटरमागे 17 ग्रॅम साखर संपली की 1 टक्का अल्कोहोल तयार होतं. आता 85 एक्सलेचा रस घेऊ. त्यात लिटरला सुमारे 190 ग्रॅम साखर असते. एका उत्पादकाने ती पूर्ण आंबू दिली, तर 190 भागिले 17, म्हणजे साधारण 11 टक्के अल्कोहोल आणि नावापुरती साखर. दुसऱ्याने टाकी गार करून, यीस्ट गाळून काढून 8 टक्क्यांवरच आंबणं थांबवलं. त्याने 136 ग्रॅम साखर खर्च केली, 54 ग्रॅम उरली. पहिली वाइन ठणठणीत ड्राय, दुसरी स्पष्ट गोड. दोन्हींच्या लेबलवर ‘श्पेटलेजे’ छापायला कायद्याची हरकत नाही.

या उदाहरणातूनच निवडीची किल्ली मिळते. अल्कोहोलचा टक्का प्रत्येक बाटलीवर छापलेला असतोच. काबिनेट, श्पेटलेजे किंवा आउस्लेजे लिहिलेल्या बाटलीवर 7 ते 9 टक्के दिसले, तर ती गोड आहे. साखर अल्कोहोल न होता तशीच राहिली आहे. 11.5 किंवा त्याहून जास्त दिसले, तर ती बहुधा ड्राय. मधल्या 10 ते 11 च्या पट्ट्यात अंदाज कच्चा. या नियमाला अपवाद आहेत. स्वस्त बाटलीत आंबून झालेल्या वाइनमध्ये न आंबवलेला गोड रस नंतर मिसळण्याची पद्धत आहे, तिथे टक्का बरा असूनही गोडी जाणवते. उष्ण वर्षातल्या आउस्लेजेमध्ये साखर इतकी असते की भरपूर अल्कोहोल होऊनही काही उरते. पण मधल्या दर्जाच्या बाटल्यांसाठी हा आकडा दुकानदाराच्या सल्ल्याहून भरवशाचा आहे.

याखेरीज लेबलवर दोन-चार शब्द मदतीला असतात. ‘ट्रोकेन’ म्हणजे ड्राय: लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर, तीही आम्ल पुरेसं असेल तरच, नाहीतर 4 ग्रॅम. ‘हाल्बट्रोकेन’मध्ये 18 ग्रॅमपर्यंत. ‘फाइनहेर्ब’ हा शब्द बराच दिसतो, पण त्याला कायद्याची व्याख्या नाही; किंचित गोडसर, एवढंच समजावं. एक घोटाळा मात्र टाळायला हवा. ‘ट्रोकेन’ ड्राय, पण ‘ट्रोकेनबेरेनआउस्लेजे’ ही जर्मनीतली सर्वात गोड वाइन, कारण तिथे सुकलेलं आहे ते द्राक्ष.

ड्रायची मर्यादा आम्लाशी का जोडली, हे कैरीच्या पन्ह्यावरून चटकन कळतं. कैरी आंबट असेल तर गूळ सढळ हाताने घातला तरी पन्हं मिट्ट होत नाही. कैरी पाडाला लागलेली असेल तर तेवढाच गूळ ते बिघडवतो. रीसलिंगमध्ये लिटरला 7 ते 9 ग्रॅम आम्ल सहज असतं. त्यामुळे 8 ग्रॅम साखरेची रीसलिंग जिभेला ड्रायच लागते आणि 40 ग्रॅमची काबिनेटसुद्धा घशाशी चिकटत नाही. प्रयोगशाळेतली साखर आणि जिभेला कळणारी गोडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर एक आक्षेप हमखास येतो. गोडी हे दोष झाकायचं साधन आहे. मग गोड वाइनला मोठी का म्हणायचं? स्वस्त बाटल्यांपुरता हा आक्षेप रास्त आहे, लीबफ्राउमिल्शने तेच केलं. परंतु त्यावरून सरसकट निष्कर्ष काढणं चूक. साखर दोष झाकते ती आम्ल नसताना. जिथे आम्ल धारदार आहे, तिथे साखरेला समतोल सांभाळावा लागतो, आणि तो चुकला तर वाइन उघडी पडते. बाजाराचा कौलही पाहण्यासारखा आहे. 2015 साली ट्रियरच्या लिलावात सार नदीच्या खोऱ्यातले उत्पादक एगोन म्युलर यांच्या 2003 च्या ट्रोकेनबेरेनआउस्लेजेची बाटली 12,000 युरोला गेली. एवढे पैसे दोष झाकलेल्या वाइनला कोणी मोजत नाही. ड्रायला उच्च आणि गोडला हलकं मानणं ही निव्वळ फॅशन आहे, आणि फॅशनच्या नादी लागून माणसं एक अख्खी चव गमावतात.

5. गावांची नावं आणि त्यांतला चकवा

लेबलवरचं दुसरं कोडं म्हणजे गावाचं नाव. गावाच्या नावाला ‘-एर’ जोडून पुढे मळ्याचं नाव येतं: बेर्नकास्टल गावाचा ‘डॉक्टर’ मळा म्हणजे बेर्नकास्टेलर डॉक्टर, वेलेन गावाचा ‘झोनेनऊर’, म्हणजे सूर्यघड्याळाचा मळा, तो वेलेनर झोनेनऊर. इथवर सारं नीट आहे. पण 1971 च्या कायद्याने सुमारे 30,000 छोट्या मळ्यांची नावं एकत्र करून अडीच-एक हजारांवर आणली, आणि वरून अनेक गावांची जमीन एका नावाखाली घेणारी मोठी क्षेत्रंही तयार केली. त्यामुळे ‘पीस्पोर्टर गोल्डट्रॉप्फशेन’ हा पीस्पोर्टचा नावाजलेला उतार, तर ‘पीस्पोर्टर मिशेल्सबेर्ग’ ही बऱ्याच गावांच्या सपाट जमिनींची मोट. दोन्ही नावांची घडण अगदी सारखी. पाठांतर केल्याशिवाय फरक कळणं अशक्य. ग्राहकाची दिशाभूल करणारा हा कायदा होता, असं स्पष्ट म्हणावं लागेल. 2021 च्या दुरुस्तीने दिशा बदलली: प्रदेश जितका नेमका तितका दर्जा वरचा, हे तत्त्व आलं आणि 2026 च्या हंगामापासून मोठ्या क्षेत्राच्या नावाआधी ‘रेगिओन’ हा शब्द लावणं भाग पडलं. पण जुन्या बाटल्या दुकानांत वर्षानुवर्षं राहतील.

पाठांतर टाळायचं तर उत्पादकाकडे पाहावं. ‘गुट्सआबफ्युलुंग’ हा शब्द असेल तर त्याच मळेवाल्याने द्राक्षं पिकवली आणि त्यानेच बाटल्या भरल्या. ‘एर्त्सॉयगरआबफ्युलुंग’ सहकारी संस्थाही लिहू शकतात. बुचावरच्या झाकणीवर पोटावर द्राक्षाचा घड असलेला गरुड दिसला, तर तो मळा ‘फाउडेपे’ या 1910 साली स्थापन झालेल्या, आज सुमारे 200 उत्पादकांच्या संघटनेचा सभासद. या मंडळींनी साखरेची शिडी बाजूला ठेवून मळ्यांची प्रतवारी केली आहे. त्यांच्या सर्वोत्तम मळ्यांतल्या ड्राय वाइनच्या बाटलीवर ‘जीजी’ ही अक्षरं असतात. गरुड नाही म्हणून वाइन हलकी, असं मात्र नाही. संघटनेबाहेरही नामांकित उत्पादक पुष्कळ आहेत, आणि गरुडाची किंमतही गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाते. राहिला सरकारी तपासणीचा ‘आ.पे.’ क्रमांक: तो वाइन निर्दोष असल्याचा दाखला आहे, उत्तम असल्याचा नव्हे. त्याचे शेवटचे दोन आकडे तपासणीचं वर्ष सांगतात, तेवढा उपयोग करून घ्यावा.

6. साखर आता दुर्मीळ राहिली नाही

सगळ्यात गंभीर आक्षेप हवामानाचा आहे. ज्या थंडीमुळे साखर मोलाची होती ती थंडीच ओसरत असेल, तर पायऱ्यांना अर्थ काय उरला? बराचसा उरला नाही, हे मान्य करायला हवं. पूर्वी दहा वर्षांतून दोन-तीनदा मिळणारी श्पेटलेजेची पातळी आता जवळजवळ दरवर्षी गाठली जाते. पुष्कळ बाटल्यांवर ‘काबिनेट’ छापलेलं असतं, पण रसाची पातळी श्पेटलेजेची असते. उत्पादक मुद्दाम खालची पायरी लिहितो, कारण हलकी काबिनेट बनवणं हेच आता अवघड झालं आहे. 2019 च्या हंगामात तर देशभरात कुठेही आइसवाइन झाली नाही. पुरेशी थंडीच पडली नाही. त्याच ऊबेचा लाभ लाल वाइनला मिळाला. ‘श्पेटबुर्गुंडर’, म्हणजे फ्रान्सची पिनो न्वार, पूर्वी इथे फिकट आणि पाणचट निघायची. आता बाडेन आणि आर खोऱ्यातली भारदस्त असते, आणि त्या जातीच्या लागवडीत फ्रान्स व अमेरिकेनंतर जर्मनीच येते. म्हणून प्रेडिकाटचे शब्द दर्जाचे म्हणून न वाचता शैलीचे म्हणून वाचावेत: काबिनेट हलकी, श्पेटलेजे भरलेली, आउस्लेजे दाट.

7. दुकानात उभं राहिल्यावर

जर्मनीतल्या वाइनच्या तेरा भागांपैकी सुरुवातीला चार पुरेत. हलकी, कमी अल्कोहोलची, लिंबू-सफरचंदाच्या वासाची हवी तर मोझेल. तीच रीसलिंग अंगाने भरलेली आणि ड्राय हवी तर दक्षिणेकडचा उबदार फाल्त्स. फ्रांकेनची चपट्या गोल बाटलीतली ‘सिल्वानर’ जवळजवळ नेहमी ड्राय असते आणि मासळीला छान जुळते. लाल हवी तर बाडेन. तिखट रस्सा किंवा झणझणीत सुकं जेवणात असेल, तर 8-9 टक्क्यांची गोडसर काबिनेट घ्यावी. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, साखर ती निववते. 14 टक्क्यांची लाल वाइन मिरचीपुढे याच कारणाने जळजळीत लागते. जुन्या रीसलिंगला रॉकेल किंवा पेट्रोलसारखा वास आला तर बाटली बिघडली समजू नये. सालीतल्या रंगद्रव्यांपासून काळाने तयार होणाऱ्या एका संयुगाचा तो गंध आहे. काहींना तो आवडतो, काहींना अजिबात नाही, आणि दोघांचंही बरोबर आहे.

आयातीच्या करामुळे आपल्याकडे या बाटल्या महाग पडतात, म्हणून पहिल्या खरेदीत आउस्लेजेच्या वाटेला जाऊ नका. दोघा-तिघांत मिळून दोन बाटल्या घ्या: एक मोझेलची 8-9 टक्क्यांची रीसलिंग काबिनेट आणि एक फाल्त्सची 12 टक्क्यांच्या पुढची रीसलिंग ट्रोकेन. 8 ते 10 अंशांपर्यंत गार करा, आधी ड्राय ओता, मग गोड, आणि लेबलवरचे टक्के झाकून चव घ्या. पुढची बाटली कोणती घ्यायची ते तुमची जीभ ठरवेल.